वयाचा रकाना

स्वयंसेविका का व्हायचंय, असं विचारल्यावर आत्याने वरची कवळी काढली आणि निवड समितीच्या टेबलावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली. समितीत तिघं होते. एकाने नजर कागदात घातली, एकीने ग्लास हळूच आपल्याकडे ओढून घेतला, आणि तिसरी, जी पुढे सगळ्यांना शिकवणार होती, ती म्हणाली की अशीच मोकळी माणसं आम्हाला हवी आहेत. मोकळेपणा वगैरे आत्याला काही दाखवायचा नव्हता. मुलाखत लवकर आटपावी, एवढंच तिच्या मनात होतं.

खरं तर तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती ज्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायची, तिथल्या मुकादमाला वरून निरोप आला होता: परमुलखातून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीतलं, चार लोकांत ऊठबस असलेलं एक माणूस आठ मंगळवार दुपारी सोडा, मुलांच्या दातांचं काहीतरी शिकवायचं आहे. मुकादमाने क्षणभरही विचार केला नाही. आत्या गेली तर आठवड्यातून एक दुपार तरी शांततेत जाईल, हे त्याला दिसत होतं. पंचवीस वर्षं त्या वाफेत उभं राहून तिला सगळ्यांच्या चुका दिसायची सवय लागली होती. नव्या पोरींच्या घड्या वाकड्या, मशीन आळशी, मुकादमाचं तर इंचभरही काही सरळ नाही. गठ्ठा नुसता उचलून ती वजन सांगायची आणि काटा तिला खोटं पाडायच्या भानगडीत पडत नसे.

प्रशिक्षण एका वाचनालयाच्या तळघरात होतं. शिकवणारी बाई तरुण, उत्साही आणि सतत हसणारी. दुःखाची गोष्टसुद्धा ती सगळे दात दाखवून सांगायची, म्हणून पहिल्याच दिवशी आत्याने तिचं नाव बत्तिशी ठेवलं आणि शेजारच्या दोघींना सांगूनही टाकलं. टेबलावर बादलीएवढा प्लास्टरचा जबडा होता आणि तो घासायला न्हाणीघर धुवायच्या ब्रशाएवढा ब्रश. अकरा मोठी माणसं, त्यांतली निम्मी कामावरून तशीच आलेली, आळीपाळीने तो जबडा घासत होती. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, वरून खाली, खालून वर. दुधाच्या दातांनाही कीड लागते, ते पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नका. बाटली तोंडात ठेवून बाळ झोपवू नका. हे सगळं खरं होतं, आणि आत्याला ते पटलंही होतं. पण पटलेली गोष्ट मान्य करायची तिची रीत नव्हती.

तिला खरा तिटकारा होता तो नाटुकल्यांचा. एकीने आई व्हायचं, एकीने स्वयंसेविका. स्वयंसेविकेने दार वाजवायचं, आईने आधी का-कू करायची आणि चार वाक्यांत विरघळायचं. सगळ्या आया विरघळायच्या. बत्तिशीच्या त्या कागदावर एकही आई अशी नव्हती की जिला पाळीवर जायचं आहे, जिचं दूध उतू चाललंय, किंवा जिला समोरच्या बाईचं थोबाड आवडत नाही. आत्याला आई केलं तेव्हा तिने दारच उघडलं नाही. पाच मिनिटं तळघरात सगळे वाट बघत बसले. बत्तिशीने हसून पुढची जोडी बोलावली.

पाचव्या मंगळवारी तक्ता आला. भिंतभर कागद, त्यावर जबड्याची चित्रं आणि प्रत्येक दाताखाली वय. सहाव्या वर्षी ही दाढ, बाराव्या वर्षी ही, अठराच्या आसपास अक्कलदाढ. बत्तिशी काठीने दाखवत म्हणाली की तोंडात नुसतं बघून मुलाचं वय सांगता येतं, किती गंमत आहे ना. त्याबरोबर तोवर भराभर लिहून घेणारी अकरा पेनं थांबली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पावरोटीच्या भट्टीवर काम करणारा एक म्हातारा होता, त्याने वही मिटून खिशात घातली. काही शंका, असं बत्तिशीने विचारलं, आणि कुणाचाच हात वर झाला नाही तेव्हा सगळ्यांना नीट समजलं म्हणून तिला फार बरं वाटलं.

समजलं होतंच. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते बत्तिशीच्या आधीपासून समजत होतं. हद्दीवरच्या कचेरीत कारकुनाला कागदावरचं वय पटलं नाही की तो पोराला दातांच्या डॉक्टरकडे पाठवतो, डॉक्टर तोंडात बघतो आणि एक आकडा लिहून देतो. मग आईने पोर कधी जन्मलं ते सांगून उपयोग नसतो. तो आकडाच खरा. आईला बिचारीला काय, ती फक्त तिथे हजर होती.

आठव्या मंगळवारी प्रमाणपत्रं वाटली, पाठीवर हसरा दात छापलेली निळी जाकिटं वाटली, आणि फॉर्म दिले. प्रत्येकाने पंधरा मुलांचे भरून आणायचे. तो फॉर्म पाहून आत्याने कपाळाला हात लावला. डावीकडे मुलाच्या तोंडाचं चित्र: कोणता दात आला, कोणता पडला, कोणता किडला, खुणा करा. आणि उजवीकडे, अगदी खेटून, जन्मतारखेचा रकाना. कचेरीत ज्या कागदाने घरंच्या घरं हादरली, त्या कागदाची सख्खी बहीण, आणि ती घेऊन दारोदार हिंडायचं.

झालं ते व्हायचंच होतं. दारं उघडेनात. ज्या जिन्यावर आत्याचा आवाज ऐकून बाया बाहेर यायच्या, तिथे निळं जाकीट दिसलं की आतून कडी लागायची. पोरं झोपलेली असायची, भरदुपारी, सगळीच्या सगळी. सहा आठवड्यांत तिचे दोन फॉर्म झाले, तेही फुकटच्या ब्रशांसाठी. बाकीच्या दहा जणांचीही तीच गत. मग दातांच्या उपक्रमाच्या वरच्या कचेरीत बैठक झाली आणि शहाण्यांनी शोध लावला की वस्तीत जागृतीचा अभाव आहे. जागृतीसाठी त्यांनी फोमच्या भल्या मोठ्या दाढेत एक माणूस घालून पाठवला. त्याला बघून लहान पोरं रडत सुटली, मोठी पोरं त्याच्या मागे लागली, आणि तो घामाघूम होऊन आत्याच्या पायरीवर पाणी मागायला बसला. तिने त्याला पाणी दिलं आणि नोकरी बदलायला सांगितलं.

आत्या बत्तिशीला एका वाक्यात सगळं सांगू शकली असती. सांगत नव्हती. तुम्हाला कसं माहीत, असा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तिने अकरा वर्षांत कुणाला दिलेलं नव्हतं.

अशात ठकीचा गाल सुजला. ठकी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या शिवणवालीची पोरगी. शिवणवाली घरीच मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची, नवरा मालाची गाडी चालवायचा. एरवी पोरगी दिवसातून दहा वेळा जिना उतरायची, दोन वेण्या उडवत. चार दिवस ती दिसली नाही. पाचव्या दिवशी आत्या मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होती, तर चौथ्या मजल्याच्या खिडकीत ठकी उभी, भर उन्हाळ्यात हनुवटीपासून टाळूपर्यंत ओढणी गुंडाळलेली. आत्याने हातातलं कापड तसंच बादलीत टाकलं आणि वर गेली. जाकीट मुद्दाम घातलं नाही.

शिवणवालीने दार उघडलं ते मशीनचं चाक दुसऱ्या हाताने धरल्यासारखं, एक पाय आत ठेवून. ठकी झोपलीय म्हणाली. ठकी तिच्या मागेच पडद्याशी उभी होती. आत्या सरळ आत घुसली आणि तिने ओढणी सोडली. डावा गाल ताणून चकचकीत झाला होता, डोळ्याखालपर्यंत लाली चढली होती, आणि तोंडाला वास येत होता. अंग तापलेलं. आई लवंगेचं तेल लावत होती, मिठाचं पाणी देत होती, वेदनेच्या गोळ्या अर्ध्या करून देत होती. एक पुरी दिली असती तरी चाललं असतं, पण इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट अर्धी करून द्यायची सवय.

आत्याने तिची चांगलीच खरडपट्टी काढली. असा पू डोळ्याकडे चढतो, रक्तात जातो, पोर हातची जाईल, अक्कल गहाण टाकलीस का, वगैरे. बत्तिशीने जे जे शिकवलं होतं ते सगळं तिने बत्तिशीला लाज वाटेल अशा भाषेत सांगितलं. शिवणवाली परत मशीनवर जाऊन बसली आणि खाली मान घालून शिवत राहिली. मग त्याच मानेने तिने सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या कागदांची सुनावणी होती. कागदावर ठकी नऊ वर्षांची होती आणि खरी दहा पूर्ण. लबाडी काही नव्हती. तीन दिवसांच्या प्रवासानंतर नवरा हद्दीवरच्या कचेरीच्या खिडकीशी उभा राहिला तेव्हा त्याने वर्ष मोजण्यात चूक केली, कारकुनाने ती टंकली, आणि दुरुस्त करायला गेलो तर सगळीच फाइल खोटी ठरवतील म्हणून ती तशीच राहिली. आता दातांच्या डॉक्टरने कागदावर दहा लिहिलं तर?

"कोण लिहितंय दहा?" आत्या म्हणाली. "दाढ काढतील आणि घरी पाठवतील. तोंड उघडायला कसली भीती?"

मशीन थांबलं.

"भाच्यालाही तुम्ही हेच म्हणाला होतात ना?" शिवणवाली म्हणाली.

आत्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर कुणाच्या तरी टाचण्या लावलेल्या पँटी होत्या, त्या तिला टोचल्या तरी ती उठली नाही. अकरा वर्षं तिला वाटत होतं की ही गोष्ट फक्त तिला आणि तिच्या भावाला माहीत आहे. आणि इथे जिन्यावरच्या प्रत्येक बाईला ती माहीत होती, मिठाच्या पाण्याइतकी साधी गोष्ट असल्यासारखी, आणि तिच्यासमोर कुणी ती कधी काढली नव्हती. इतकी वर्षं लोक तिला घाबरून गप्प बसतात असा तिचा समज होता. लोक तिच्यावर दया करत होते. तिला त्या क्षणी स्वतःचा जितका राग आला तितका मुकादमाचाही कधी आला नव्हता.

गोष्ट अशी होती. भावाने आपला मुलगा तिच्याकडे पाठवला होता. तीन आठवडे तो तिच्या खोलीत राहिला. वरून खाली जाताना आणि खालून वर येताना तो 'आत्या, आत्या' अशा हाका मारायचा, त्यावरून इमारतीने ते नाव उचललं. तिच्याहून थोरल्या बायाही तिला आत्या म्हणू लागल्या. मग कचेरीत बोलावणं आलं. पोराला मिसरूड फुटलं होतं, उंची बापावर गेली होती. पंधरा हे वय कारकुनाला पटेना, त्याने दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. भाचा बिथरला. तोंडावर हात धरून बसला. आणि आत्याने, जिला सगळ्यातलं सगळं कळत होतं, त्याचा हात ओढून खाली केला आणि म्हणाली, उघड तोंड, आपल्याला काय लपवायचंय? डॉक्टरने जबड्याचा एक्स-रे काढला, हिरडीत अक्कलदाढ दिसली, त्याने लिहिलं: अठरा पूर्ण. पोराला चार महिने बाप्या माणसांच्या हॉलमध्ये ठेवलं आणि मग परत धाडलं. तो खरंच पंधराचा होता. त्याच्या जन्माच्या वेळी आत्या बाळंतिणीच्या उशाशी होती. भाऊ तेव्हापासून बोलत नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले होते. मीच त्याचा हात खाली ओढला."

शिवणवालीने ठकीच्या गालाला परत ओढणी लावली, या खेपेला जरा सैल.

"तेव्हा मी दात बघणाऱ्याकडे बघत होते," आत्या म्हणाली. "लिहिणाऱ्याकडे बघितलंच नाही. आता बघीन. मला शपथ घ्यायला लावू नकोस, सुई खाली ठेव आणि पोरीला चपला घाल."

पण दवाखान्यात उपक्रमाची डॉक्टरीण फॉर्मशिवाय हात लावत नव्हती, आणि हातातला फॉर्म कॉम्प्युटरवर चढवला तरच तिला चालणारा कागद निघायचा. आत्याने बत्तिशीला फोन करून रकाना रिकामा सोडायची परवानगी मागितली. बत्तिशी हळहळली. तिला खरंच वाईट वाटत होतं, पण रकाना रिकामा असला की पुढचं पान उघडत नाही, ते वरूनच तसं केलेलं आहे. आत्याने फोन ठेवला. म्हणजे त्या यंत्राला जन्मतारीख हवी होती. कुणाची, ते त्याने सांगितलं नव्हतं. तिने वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसून एका बोटाने स्वतःची जन्मतारीख घातली. यंत्राने एक शब्द न काढता पुढचं पान उघडलं.

डॉक्टरीण चाळिशीतली, कामाने पिचलेली, कमी बोलणारी होती. आत्याला ती पहिल्याच नजरेत बरी वाटली आणि त्याचा तिला रागही आला. तिने कागद वाचला, खुर्चीतल्या दोन वेण्यांकडे बघितलं, मग आत्याकडे.

"वय अठ्ठावन्न?"

"हो," आत्या म्हणाली.

डॉक्टरीण म्हणाली की भुलीचं औषध मोजून द्यावं लागतं, थट्टा नको. मोजायचं ते वजनावर की वयावर, असं आत्याने विचारलं. वजनावर, असं ती म्हणाल्यावर आत्याने ठकीला खुर्चीतून उचललं, पुन्हा ठेवलं आणि सांगितलं, सव्वीस किलो. डॉक्टरिणीने काट्यावर उभं केलं तर सव्वीस आणि वर थोडं, पण पोरगी चपला घालून होती. मग तिने आरसा तोंडात घातला. बराच वेळ बघत राहिली. दुखऱ्या दाढेवरून आरसा पुढे सरकला, मागच्या हिरडीवर थांबला, आणि तिचा दुसरा हात सवयीने पेनाकडे गेला.

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "आम्ही एका दाढेसाठी आलोय. बाकीच्या तोंडात तुम्ही काही बघितलं नाही तर फार बरं होईल."

शिवणवालीने ठकीचे दोन्ही पाय घट्ट धरले होते, तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. डॉक्टरीण त्या बोटांकडे बघत राहिली. तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि ते खिशात टाकलं. मग सुई भरली. दाढ निघाली, पू निघाला, ठकीने ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला आणि अर्ध्या तासाने, तोंडात कापूस असताना, बाहेरच्या बाकावर बसून पाय हलवू लागली. दातांच्या चित्रात डॉक्टरिणीने एकच फुली मारली होती.

ही बातमी जिन्यावरून उतरायला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी आत्या कामावरून आली तर तिच्या दाराशी तीन बाया, पाच पोरं. तिने सगळ्यांना आधी फैलावर घेतलं, इतके दिवस कुठे मेला होतात म्हणून, आणि मग एकेकाला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. दोन आठवड्यांत आणखी पंधरा फॉर्म झाले. पंधरा मुलं, सगळी अठ्ठावन्न वर्षांची, सगळ्यांचा वाढदिवस एकच. सुनावणीत ठकीच्या तोंडात कुणी बघितलं नाही, कागद मंजूर झाले, आणि शिवणवालीने आत्याला एक फुकटची पिशवी शिवून दिली. आत्याने तिच्यातही एक वाकडा टाका शोधून काढला.

मग बत्तिशीचा फोन आला. ताबडतोब भेटायला या, वरच्या कचेरीने तुमचे आकडे बघितलेत. आत्याने जाकीट घडी घालून त्या पिशवीत टाकलं, परत करायला. काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं. खोटं भरलं, हो, आणि परत भरीन. वाटेत तिने ते तीन वेळा घोकलं.

तळघरात तिला बोलणी बसलीच नाहीत. बत्तिशी तिच्या गळ्यातच पडली. पूर्ण उपक्रमात पंधराचा आकडा एकट्या आत्याने गाठला होता. तारखांची काहीतरी गडबड झाली हे वरच्यांच्या लक्षात आलं होतं, पण चूक स्वयंसेवकांची नाही, फॉर्मची आहे, असं तज्ज्ञांनी ठरवलं होतं. बिचाऱ्या आयांना जन्मतारखा आठवत नाहीत, त्यांना विचारून लाजवायचं कशाला? म्हणून नवा फॉर्म केला होता. जन्मतारखेचा रकाना काढून टाकला होता. आत्याला क्षणभर वाटलं की आपण उगाच लोकांना नावं ठेवतो.

मग तिने कागद हातात घेतला. तोंडाच्या चित्राला खेटून, पूर्वीपेक्षा मोठ्या चौकटीत, छापलेलं होतं: वय (दात पाहून स्वयंसेवकाने अंदाजे भरावे).

बत्तिशी सांगत होती की आजपासून नवी तुकडी आहे, बारा जण, आणि सगळ्यात यशस्वी म्हणून त्यांना हा रकाना भरायला आत्याच शिकवणार. तिने काठी आत्याच्या हातात दिली. भिंतीवर तक्ता लागलेला होताच. समोर बारा माणसं बसली होती, कामावरून आलेली, कुणाच्या बाहीला रंग, कुणाच्या केसांत कोंडा की पीठ कळत नव्हतं, आणि बाराही जणांची नजर वहीत होती. बत्तिशी मागच्या खुर्चीत बसून हसत होती, तिला खरोखरच अभिमान वाटत होता.

आत्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"पेनं खाली ठेवा," ती म्हणाली. "आधी माझ्या भाच्याचं ऐका. तो पंधरा वर्षांचा होता."